‘सखाराम बाइंडर’: लक्ष्मी आणि चंपा यांच्यातल्या नात्याविषयी

अनुस्वार

विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’विषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले असले, तरी त्यातले बहुतेक लेखन दोनच विषयांभोवती फिरते. पहिला विषय १९७२ साली उठलेल्या वादळाचा आहे. नाटकांची संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचे आक्षेप, बंदी आणि न्यायालयीन लढा यांचा इतिहास त्यात येतो, आणि नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी तो स्वतः नोंदवून ठेवल्यामुळे सर्वांना ठाऊकही आहे. दुसरा विषय सखाराम या पात्राचा. निळू फुले यांनी तो असा उभा केला की पुढच्या पिढ्यांनी नाटक पाहिलेले नसतानाही सखारामचा चेहरा त्यांच्या मनात तयार झाला. या दोन्ही गोष्टींचे महत्त्व मला मान्य आहे, परंतु संहिता पुन्हा वाचताना माझे लक्ष सतत तिसरीकडेच जाते. या नाटकाचा निकाल लावणारे नाते सखाराम आणि त्याच्या घरातल्या बाईचे नसून लक्ष्मी आणि चंपा या दोन बायकांमधले आहे, असे माझे मत झाले आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा.

ज्यांनी नाटक वाचून बरीच वर्षे झाली असतील त्यांच्यासाठी थोडक्यात कथानक सांगतो. सखाराम हा छापखान्यात पुस्तकबांधणीचे काम करणारा, बापाच्या छळाला कंटाळून लहानपणीच घर सोडलेला माणूस आहे. लग्न या गोष्टीवर त्याचा विश्वास नाही. नवऱ्याने टाकलेली किंवा नवऱ्याला सोडून आलेली बाई तो घरी आणतो आणि उंबरठ्यातच तिला घराचे नियम ऐकवतो. दोन वेळचे जेवण, अंगावर कपडा आणि डोक्यावर छप्पर मिळेल. त्या बदल्यात घरकाम आणि अंथरूण सांभाळावे लागेल. पटले नाही तर केव्हाही जावे, जाताना लुगडे आणि गाडीभाडे दिले जाईल. लक्ष्मी ही अशी सातवी बाई. ती देवभोळी, सोशीक आणि मुंगळ्याशी बोलणारी आहे. तिच्या वर्षभराच्या सहवासात सखारामच्या घरात स्नान, पूजा, सणवार या गोष्टी शिरतात. पुढे दोघांचे बिनसते आणि ती पुतण्याकडे अमळनेरला निघून जाते. तिच्या जागी चंपा येते. बडतर्फ झालेल्या दारुड्या फौजदाराला, म्हणजे शिंदेला, सोडून आलेली ही बाई कोणाचे ऐकून घेणारी नाही. काही काळाने लक्ष्मी परत येते, कारण पुतण्याच्या घरी तिच्यावर चोरीचा आळ आलेला असतो.

इथून पुढे नाटकाचा खरा पेच सुरू होतो. परत आलेल्या लक्ष्मीला सखाराम मारहाण करून हाकलू पाहतो आणि तिला ठेवून घेण्याचा आग्रह चंपा धरते. चंपाचा हिशोब सरळ आहे: लक्ष्मीने घर सांभाळावे, आपण सखारामला सांभाळावे. या घरातला हा दुसरा करार. पहिला करार सखाराम सांगतो आणि समोरची बाई मान खाली घालून ऐकते. तिला दुसरीकडे कुठे जागाच नसल्यामुळे तिच्या होकाराला काडीची किंमत नसते. दुसरा करार मात्र दोन बायकांच्या सोयीतून जन्माला येतो. त्यात चंपाला स्वयंपाकघरापासून सुटका मिळते आणि लक्ष्मीला छप्पर. मला तर वाटते, संपूर्ण नाटकात बळजबरीविना झालेली एवढी एकच वाटणी आहे.

हा करार टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हाच माझ्या मते नाटकाचा गाभा आहे. लक्ष्मी मनाने कधीच कराराच्या घरात राहिलेली नाही. ती लग्नाच्या घरात राहते. सखारामच्या नावाने ती गळ्यात मंगळसूत्र घालते. त्याच श्रद्धेने ती शिंदेचीही गुपचूप विचारपूस करते, कारण तो चंपाचा नवरा आहे आणि नवऱ्याची सेवा झाली पाहिजे, असे तिचे शास्त्र सांगते. चंपाला ही भाषाच परकी आहे. लक्ष्मी आल्यानंतर सखाराम चंपाजवळ जाण्यास असमर्थ ठरू लागतो. चंपा ते त्याला तोंडावर ऐकवते आणि पुढे ती दाऊदकडे, सखारामच्या मित्राकडे, जाऊ लागते. लक्ष्मीला हे कळते. सखाराम जेव्हा तिलाच घराबाहेर काढायला निघतो, तेव्हा ती ही गोष्ट त्याच्या कानावर घालते आणि तो चंपाचा गळा आवळतो.

आता माझा मुद्दा असा. सखारामच्या स्वतःच्या नियमांनुसार चंपाने केलेल्या गोष्टीला शिक्षा कोणती? फार तर लुगडे आणि गाडीभाडे. आधीच्या बायका अशाच गेल्या. लग्न मानत नाही असे छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाला व्यभिचाराचा राग येण्याचे तर्काने काहीच कारण नाही. तरीही तो खून करतो, कारण त्या क्षणी तो बाइंडर उरलेला नसतो. तो नवरा झालेला असतो. त्याला नवरा करण्याचे काम लक्ष्मीने दोन अंकांमध्ये मिळून, अतिशय सौम्यपणे, पूजेअर्चेतून आणि मंगळसूत्रातून केलेले आहे. ज्या बाईने त्याला माणसात आणले असे आपण म्हणतो, तिनेच त्याच्या हाती हा हक्क दिला. सभासदांचे याविषयी काय मत आहे, ते जाणून घ्यायला आवडेल.

बाभूळवन

अनुस्वार, लेख आवडला आणि ‘दुसरा करार’ ही मांडणी विचार करायला लावणारी आहे. तरीही शेवटच्या परिच्छेदाशी मी असहमत आहे, आणि ही असहमती गंभीर आहे.

लक्ष्मीवर आपण किती ओझे टाकत आहोत, ते एकदा पाहावे. मूल झाले नाही म्हणून नवऱ्याने तिला टाकलेले आहे. सखारामकडे तिने मार खाल्लेला आहे, तोही पट्ट्याचा. पुतण्याच्या घरी राबून तिच्या पदरी चोरीचा आळ आला. परत आली, तर जुन्या घरात दुसरी बाई. त्या बाईच्या मेहेरबानीवर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहते आणि एके दिवशी तेही छप्पर जाणार असे दिसते. त्या क्षणी तिच्याजवळ स्वतःच्या बचावासाठी काय आहे? पैसा नाही, माहेर नाही, चंपासारखे शरीर नाही, जिभेची धारही नाही. तिच्याजवळ फक्त एक माहिती आहे आणि ती माहिती ती वापरते. बुडणाऱ्या माणसाने दुसऱ्याचा खांदा धरला आणि दोघांपैकी एक बुडाला, तर आपण पहिल्याला खुनी म्हणत नाही.

दुसरे असे की दोघींमधल्या कराराला आपण मुक्त करार म्हणता, ते मला पटत नाही. चंपा लक्ष्मीला ठेवून घेते, त्यात करुणा आहे हे खरे. तेवढ्यापुरती ती या नाटकातली सर्वांत उदार व्यक्ती आहे. पण ठेवून घेणारी आणि ठेवली गेलेली यांच्यात बरोबरी कशी असेल? चंपा वाटणी जाहीर करते आणि लक्ष्मी ती स्वीकारते. सखारामने उंबरठ्यात जे केले, त्याचेच हे सौम्य रूप आहे. मालक बदलला, एवढेच. लक्ष्मीला आतून जे टोचत राहते, त्यात तिच्या धर्मबुद्धीइतकाच या मिंधेपणाचाही वाटा असणार.

आणि सखाराम नवरा झाला म्हणून त्याने खून केला, हे म्हणणे त्याला फार सोपी सुटका देते. आधीच्या सहा बायकांचे त्या घरात काय झाले, हे आपल्याला फक्त सखारामच्या तोंडून कळते. तो स्वतःविषयी सांगतो ते सारे खरे धरून आपण त्याला ‘निदान प्रामाणिक’ अशी पदवी देऊन टाकतो. हिंसा त्या घरात लक्ष्मीच्या मंगळसूत्राच्या आधीपासून होती.

तिसरी घंटा

हौशी रंगभूमीवर या नाटकाच्या तालमींमध्ये मी लक्ष्मीची भूमिका वाचली आहे आणि ती करणाऱ्या मैत्रिणीसोबत ती बांधण्यासाठी बरीच मेहनत घेतली आहे, म्हणून दोन प्रवेशांविषयी जरा जवळून लिहिते. चर्चा लवकर तात्त्विक होते आणि पात्रे हातातून निसटतात, असा माझा अनुभव आहे.

पहिला प्रवेश मुंगळ्याचा. लक्ष्मी घरात एकटी असताना मुंगळ्याला खाऊ घालते, त्याच्याशी लाडाने बोलते, त्याला रागावते आणि हसते. सखाराम बाहेरून ऐकतो आणि आत कोणी पुरुष आहे की काय, असा संशय त्याला येतो. नवख्या नटी हा प्रवेश गोड करतात आणि प्रेक्षक कौतुकाने हसतात. आम्ही तालमीत तो वेगळा करून पाहिला. लक्ष्मी मुंगळ्याशी बोलताना वाक्यावाक्याला थांबते, जणू समोरून उत्तर येते आहे. त्या थांबण्याच्या जागा जशा लांबवत गेलो, तसे लक्षात येत गेले की या बाईला संभाषणाची केवढी भूक आहे आणि तिच्याशी दिवसभरात कोणीही बोलत नाही. बरे, सखारामचा संशय नवऱ्याचा आहे, हे अनुस्वार यांच्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरावे. लग्न न मानणारा हा माणूस पहिल्या अंकातच दाराबाहेर कान लावून उभा आहे. तेव्हा लक्ष्मीने त्याला नवरा केले हे पूर्ण खरे नाही. तो मुळातच होता.

दुसरा प्रवेश हसण्याचा. लक्ष्मीला पायाला भाजल्याच्या वेदना होत आहेत, रात्र आहे, आणि तरीही सखाराम तिला हसायला लावतो. मुंगळ्याशी बोलताना ती जशी हसली होती, तसेच त्याला हवे आहे. अंधारातून आधी विव्हळणे आणि मग ते हसू ऐकू येते. रंगमंचावर हा प्रसंग मारहाणीपेक्षाही असह्य होतो, कारण इथे तिच्या एकांतातली एकमेव मोकळी गोष्ट हुकमावर हजर करावी लागते. माझ्या मैत्रिणीने हे हसू इतके हळू आणि इतके लांब घेतले होते की तालमीला बसलेल्या आम्ही सर्वांनी माना खाली घातल्या होत्या.

हे लिहिण्याचे कारण असे, की चंपाबरोबरचे लक्ष्मीचे सर्व वागणे मला या प्रवेशानंतरचे वाटते. परत आलेली लक्ष्मी मुंगळ्याशी बोलणारी लक्ष्मी नाही. ती आता देवाशी बोलते आणि देव तिला चूक-बरोबर सांगतो. जिचे हसूसुद्धा काढून घेतले गेले, तिने नंतर नियमांचा आश्रय घेतला. चंपाच्या बाबतीत जे घडले, तेही फार वेगळे नाही. शरीर द्यावे लागते म्हणून ती आधी दारू मागते, म्हणजे आपण तिथे हजर नसावे अशी सोय करते. एक देवाच्या आड जाते, दुसरी दारूच्या. नट म्हणून मला दोघींमध्ये वैर शोधावेच लागले नाही. दोघी आपापल्या आडोशाला बसून एकमेकींकडे पाहतात आणि एकमेकींचा आडोसा त्यांना समजत नाही.

अनुस्वार

बाभूळवन आणि तिसरी घंटा, दोघांचेही आभार.

मुंगळ्याच्या प्रवेशातला संशय नवऱ्याचा आहे, हे निरीक्षण मी स्वीकारतो आणि त्याने माझी मांडणी अधिक नेमकी होते. सखारामच्या आत नवरा पहिल्यापासून होता, पण त्याला तो नाकारता येत होता. बाई गेली की तो पुन्हा ‘आपण मोकळे’ म्हणू शकत होता. लक्ष्मी गेल्यावर मात्र तो तसे म्हणू शकत नाही. ती आपल्यावर काही तरी ठेवून गेली, असे दाऊदजवळ त्याला कबूल करावे लागते. नवरेपण आधीपासून असणे आणि त्याला नाव मिळणे, यांत फरक आहे. मंगळसूत्राने ते नाव दिले.

बाभूळवन, लक्ष्मीला खुनी म्हणण्याचा माझा हेतू नव्हता आणि तिच्या असहायतेविषयीचे आपले प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. चंपा आणि दाऊद यांच्याविषयीची माहिती लक्ष्मीला योगायोगाने सापडलेली नाही. तिने चंपावर पाळत ठेवली, तिच्या मागे गेली. तेव्हा तिला कोणी घराबाहेर काढत नव्हते. त्या काळात चंपा तिची आश्रयदाती होती. छप्पर वाचवण्याची घाई नंतर आली; लक्ष घालण्याचा अधिकार तिने आधीच गृहीत धरला होता. हा अधिकार ती घरातली खरी बायको आहे, या समजुतीतून येतो. ती स्वतःला आश्रित मानत नाही. तिच्या दृष्टीने चंपाच उपरी आहे.

मिंधेपणाविषयीचे आपले म्हणणे मात्र वजनदार आहे. त्या अंगाने मी विचार केला नव्हता.

सांजवेळ

चर्चा वाचताना तेंडुलकरांचेच ‘कमला’ हे नाटक सारखे आठवत राहिले, म्हणून त्याविषयी लिहिते. दिल्लीतला पत्रकार जयसिंग जाधव बायकांच्या बाजाराचा पुरावा म्हणून बिहारमधून अडीचशे रुपयांना एक आदिवासी बाई विकत आणतो. पत्रकार परिषदेत तिला उभे करण्यापूर्वी ती त्याच्या घरी, त्याच्या बायकोच्या, म्हणजे सरिताच्या, देखरेखीखाली राहते. त्या रात्री कमला सरिताला निरागसपणे विचारते की तुम्हाला केवढ्याला विकत घेतले. मग ती स्वतःच वाटणी सुचवते: घरातले कष्टाचे काम मी करीन, तुम्ही शिकलेल्या आहात तर हिशोब आणि वरचे व्यवहार पाहा, आणि मालकाचे महिन्याचे दिवस दोघींनी अर्धे अर्धे वाटून घ्यावेत.

‘बाइंडर’ १९७२ चे आणि ‘कमला’ १९८१ चे. नऊ वर्षांच्या अंतराने तेंडुलकर पुन्हा त्याच प्रसंगाकडे आले आहेत: एका पुरुषाचे घर, दोन बायका आणि कामाची वाटणी. पण इथे परिणाम अगदी उलटा होतो. सरिताला त्या प्रश्नातून स्वतःची जागा दिसते. आपणही या घरात आणलेलीच आहोत, फक्त आपली किंमत कोणी उघड बोलले नाही, हे तिला उमगते आणि ती नवऱ्याकडे नव्या नजरेने पाहू लागते. म्हणजे दुसऱ्या बाईने मांडलेला हिशोब सरिताला जागे करतो आणि लक्ष्मीला मात्र तोच हिशोब अपमानास्पद वाटतो.

याचे कारण दोघींच्या शिक्षणात आहे, असे कोणी म्हणेल. मला ते पुरेसे वाटत नाही. सरिताचे लग्न कायदेशीर, सर्वमान्य आणि सुरक्षित आहे. ‘मीही विकत आणलेली आहे’ हा विचार करण्याची चैन तिला परवडते, कारण तो विचार केल्याने तिचे मंगळसूत्र कोणी काढून घेणार नाही. लक्ष्मीचे मंगळसूत्र तिने स्वतःच्या हाताने, कोणालाही न विचारता घातलेले आहे. ते खोटे आहे हे मान्य करणे म्हणजे ती पुन्हा टाकलेली बाई होणे. जिच्याजवळ खरे लग्न आहे, तिला लग्नाकडे संशयाने पाहता येते. जिच्याजवळ लग्नाची फक्त कल्पना आहे, ती त्या कल्पनेसाठी दुसऱ्या बाईचा जीव धोक्यात घालू शकते. त्यामुळे माझ्या दृष्टीने बाभूळवन आणि अनुस्वार यांच्या म्हणण्यात विरोध नाही. लक्ष्मीची असहायता आणि तिची धर्मनिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

जाता जाता ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या मिसेस काशीकर यांचीही नोंद करून ठेवते. खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेला घेरण्यात त्या पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहतात, आणि स्वतः मात्र नवऱ्याकडून शब्दाशब्दाला गप्प केल्या जातात. तेंडुलकरांना या प्रकारच्या स्त्रीविषयी दीर्घकाळ कुतूहल होते, हे यावरून दिसते.

मुक्काम पोस्ट

दोन बायकांविषयी बोलताना दाऊद आणि शिंदे या दोघांना वगळून चालणार नाही, कारण लक्ष्मी आणि चंपा यांच्यातली रेषा या दोन पुरुषांच्या संदर्भात सर्वांत स्पष्ट दिसते.

पहिल्या अंकातला गणपतीच्या आरतीचा प्रसंग आठवून पाहा. दाऊद आरतीत सामील होतो आणि लक्ष्मी हरकत घेते. मुसलमानाने आरती म्हणू नये, असे तिचे म्हणणे. सखाराम चिडतो, तिला मारतो, पट्टा काढतो, पण ती माघार घेत नाही. नाटकभर मार खाऊन नमते घेणारी ही बाई इथे ताठ उभी आहे. बाईला माणूस म्हणून न वागवणारा सखाराम त्याच क्षणी मित्रासाठी धर्माची भिंत मानायला तयार नाही. सहानुभूती कोणाला द्यावी, हे प्रेक्षकाला कळू नये अशीच या प्रसंगाची रचना आहे, आणि तेंडुलकरांच्या लेखनातले हे मला सर्वांत धीट स्थान वाटते.

आता शेवटाकडे पाहू. लक्ष्मी जी बातमी सांगते, तिच्यात दोन बाबी एकवटलेल्या आहेत: नवऱ्याशी बेइमानी आणि तीही दाऊदशी. आरतीच्या वेळी सखारामने जी भिंत नाकारली होती, तीच लक्ष्मी पुन्हा उभी करते, आणि या वेळी तो नाकारत नाही. मित्र म्हणून ज्याच्यासाठी त्याने लक्ष्मीला मारले, त्याच्याच नावाने तो चंपाला मारतो. त्या अर्थाने लक्ष्मी आरतीचा तो वाद शेवटी जिंकते.

शिंदेविषयी एवढेच सांगतो. नवऱ्याने केलेला अमानुष छळ चंपाने भोगला आहे आणि म्हणून ती त्याला बदडते. लक्ष्मीला त्याच माणसात मार खाल्लेला, दारात पडलेला, कोणाचा तरी धनी दिसतो. चंपाच्या पूर्वायुष्याची माहिती करून घ्यावी असे तिला एकदाही वाटत नाही. दोघी एका छपराखाली राहतात, पण एकमेकींना आपली हकिकत सांगत नाहीत. माझ्या मते त्यांच्या नात्यातली सर्वांत मोठी उणीव ही आहे. दोघींनाही नवऱ्याने उद्ध्वस्त केले, आणि हे समान दुःख संवादात कधी उतरतच नाही.

बाभूळवन

सांजवेळ यांचा प्रतिसाद वाचून बराच वेळ विचार करत होते. लक्ष्मीचे मंगळसूत्र तिने स्वतःच घातलेले असल्यामुळे ते तिला अधिक घट्ट धरावे लागते, हे म्हणणे मला पटले. त्यामुळे माझा मूळ आक्षेप मागे घ्यावा लागतो असे मात्र वाटत नाही. एखादी बाई स्वतःला बायको मानते, म्हणजे ती एका अशा संस्थेचा आधार घेते जिने तिला आधीच एकदा बाहेर फेकले आहे. यात धर्मनिष्ठेपेक्षा मला भयच जास्त दिसते.

मुक्काम पोस्ट यांनी हकिकत न सांगण्याविषयी लिहिले, त्यात एक भर घालते. चंपा आणि दाऊद यांचा एकांत तेंडुलकर आपल्याला दाखवत नाहीत. त्या संबंधाची बातमी नाटकात लक्ष्मीच्या तोंडून फुटते. चंपाला दाऊदकडे काय मिळत होते, ते प्रेम होते, विरंगुळा होता की सखारामच्या घरातून थोडा वेळ सुटका, हे तिला कोणीच विचारत नाही आणि तिला सांगूही दिले जात नाही. खून होतो तेव्हा तिची बाजू घरात कोणालाच ठाऊक नसते, आणि प्रेक्षकालाही नसते. मूळ प्रयोगात चंपा साकारणाऱ्या लालन सारंग यांच्या भूमिकेविषयी जे वाचले आहे, त्यात तिच्या धीटपणाचेच कौतुक अधिक आहे. या धीट बाईला स्वतःच्या सर्वांत खाजगी गोष्टीबद्दल एकही प्रवेश दिलेला नाही, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

तिसरी घंटा

बाभूळवन यांच्या मुद्द्याला रंगमंचाच्या बाजूने पुस्ती जोडते. चंपाची भूमिका करणारीला हा अभाव फार जाणवतो. बाहेरून घरात येताना ती दाऊदकडून आली आहे, हे तिला माहीत असते आणि प्रेक्षकाला अजून नसते, म्हणून ते फक्त अंगातून दाखवावे लागते. आमच्या तालमीत दिग्दर्शकाने चंपाला सांगितले होते की परत आल्यावर लक्ष्मीकडे एकदा थेट पाहायचे आणि काही तरी बोलावेसे वाटून न बोलता आत जायचे. संहितेत ते नाही. पण त्या एका नजरेमुळे प्रयोगाला वेगळेच वजन आले. लक्ष्मी करणारी मैत्रीण म्हणाली होती की तिने मला काही विचारले असते, तर मी कदाचित पुढचे बोललेच नसते.

अनुस्वार

या सर्व प्रतिसादांनंतर शेवटच्या प्रसंगाविषयी एक गोष्ट अजून लिहावीशी वाटते, कारण दोन्ही करारांचा धागा तिथे एकत्र येतो.

खुनानंतर सखाराम सुन्न होतो. हातापायांतले बळ गेल्यासारखा तो उभा राहतो आणि सूत्रे लक्ष्मीच्या हाती जातात. ती देवाचे नाव घेते, चंपा पापी होती असे म्हणते, त्याला धीर देते, प्रेत घरातच पुरायचे ठरवते आणि खणायला लागते. आजवर आवाज न चढवणारी ही बाई या घरात पहिल्यांदाच हुकूम देते. बाभूळवन यांना तिच्यात भय दिसते आणि इथवर मीही ते नाकारणार नाही. पण खणणाऱ्या लक्ष्मीच्या बोलण्यात भय नाही. तिच्या दृष्टीने घर आता दोघांचे झाले आहे.

लोकांना काय सांगायचे, हेही तीच ठरवते: चंपा निघून गेली, असे सांगायचे. ही थाप कोणालाही पटेल, आणि ती पटण्याचे कारण सखारामच्या पहिल्या करारात आहे. या घरातून आजवर बाया जातच आल्या आहेत. गावाला त्याची सवय आहे, सुरुवातीला दाराशी डोकावणाऱ्या पोरांनाही ते माहीत आहे, आणि आठवी बाई दिसेनाशी झाली तर तिचा पत्ता विचारणारा बेवारशी शिंदेखेरीज कोणी नाही. केव्हाही जाण्याची जी मोकळीक सखाराम अभिमानाने सांगत होता, तिच्यामुळेच चंपाचा खून झाकला जाणार आहे. चंपाने ज्या बाईला छप्पर मिळवून दिले, तीच बाई या नियमाचा असा उपयोग करते.